साथीच्या काळांतील परदेशप्रवास

दूरदेशीं राहणाऱ्या मुलीचें बाळंतपण जवळ आलेलें असावें, आईवडिलांनीं तिकडे जाण्याचीं तिकिटें काढून ठेवलेलीं असावींत, आणि नेमक्या त्याच सुमारास जगभर नव्या रोगाची साथ पसरावी, असा प्रसंग सन २०२० व २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांवर आला. अशा वेळीं घरांत तीन प्रकारचे सल्ले ऐकूं येतात. एक म्हणतो, "शिर सलामत तर पगड्या पचास, मुळींच जाऊं नका." दुसरा म्हणतो, "सरकारनें विमानें चालूं ठेविलीं आहेत, त्या अर्थीं धोका नसावा." तिसरा तपासणीचा दाखला दाखवून म्हणतो, "हा कागद हातीं असल्यावर चिंता कसली?" तिघांचाही हेतु चांगला असतो, परंतु धोका किती आहे याचा हिशेब तिघांपैकीं एकानेंही केलेला नसतो.

हा हिशेब करण्याची रीत फारशी अवघड नाहीं. कोविडच्या त्या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें ता. ५ मे २०२३ रोजीं जाहीर केलें. तथापि त्या साथीनें शिकविलेला हिशेब पुढच्या साथींतही उपयोगीं पडण्यासारखा आहे. प्रवासाचा धोका ही एकच रक्कम नसून निरनिराळ्या रकमांची ती बेरीज असते. प्रत्येक रक्कम वेगळी मांडली म्हणजे त्यांतील कोणती कमी करतां येईल व कोणती येणार नाहीं, हें दिसूं लागतें.

पहिली रक्कम रोगाच्या प्रसाराची. अमुक देशांत आज इतके नवे रोगी आढळले, असा आंकडा वर्तमानपत्रांत येतो. पण तो लोकसंख्येच्या मानानें पाहिल्यावांचून फारसें कांहीं सांगत नाहीं. दहा हजार रोगी ही संख्या भारतासारख्या देशांत थोडी, तर न्यूझीलंडसारख्या लहान देशांत फार मोठी ठरते. शिवाय जेथें तपासण्या कमी होतात तेथें रोगीही कमी सांपडतात. त्यावरून रोग कमी आहे असें समजणें चुकीचें होय. म्हणून शंभर तपासण्यांत किती जणांना लागण आढळते, हें प्रमाण पाहावें. तें सलग दोन आठवडे शेंकडा पांचांच्या खालीं राहणें, ही साथ आटोक्यांत असल्याची एक खूण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें सांगितली होती. आणखी एक गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. धोका मोजावयाचा तो घरीं राहण्याच्या मानानें. प्रवाशाच्या स्वतःच्या शहरांत साथ जोरांत असेल व परदेशीं ती ओसरत असेल, तर तेथील वास्तव्यानें लागण होण्याचा संभव फारसा वाढत नाहीं. वाढतो तो वाटेंतला.

दुसरी रक्कम या वाटेंतल्या सहवासाची. ज्या शहराहून विमान सुटतें तेथें दर दोनशें माणसांत एकाला रोग आहे व विमानांत तीनशें उतारू आहेत, असें समजावें. गणितानें पाहिलें तर अशा शंभर विमानांपैकीं सुमारें अठ्ठ्याहत्तरांत निदान एक तरी रोगी असतो. रोगाचें प्रमाण दोन हजारांत एक इतकें उतरलें म्हणजे अशीं विमानें शंभरांत चौदाच राहतात. पहिल्या रकमेचें महत्त्व यावरून कळून येईल.

विमानांत एक रोगी असला म्हणजे सर्वांनाच लागण होते, असें मात्र नाहीं. मोठ्या विमानांतील हवा तासाला वीस ते तीस वेळां बदलली जाते, व फिरून आंत येणारी हवा 'हेपा' नांवाच्या अत्यंत बारीक गाळणींतून येते. परंतु प्रवास लांबचा व रोगी जवळ बसलेला असला, तर ही व्यवस्था अपुरी पडते. मार्च २०२० च्या आरंभीं लंडनहून हॅनॉयला गेलेल्या एका विमानांत घसा दुखत व खोकला येत असलेली एक व्यक्ति होती. सुमारें दहा तासांच्या त्या प्रवासांत आणखी पंधरा जणांना लागण झाली असावी, असें पुढील तपासांत दिसून आलें. त्यांतील बारा जण तिच्याच वर्गांत बसलेले होते. त्या काळीं विमानांत मास्क सक्तीचा नव्हता. विमानतळावरील रांगा, उपाहारगृहें व बंद खिडक्यांच्या मोटारी यांत तर हवा गाळण्याची अशी सोय बहुधा नसतेच. म्हणून दोन ठिकाणीं विमान बदलावें लागणाऱ्या स्वस्त तिकिटापेक्षां थेट जाणारें महाग तिकीट साथीच्या दिवसांत परवडतें.

तिसरी रक्कम प्रवाशाच्या शरीराची. लागण होणें व लागण झाल्यावर प्राणावर बेतणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. लस येण्यापूर्वींच्या कोविडच्या साथींत, पुढारलेल्या देशांतील माहितीवरून संशोधकांनीं काढलेलें अनुमान असें कीं, लागण झालेल्या दर हजार माणसांपैकीं पंचावन्न वर्षांच्या वयांत सुमारें चार, पासष्टाव्या वर्षीं चौदा, पंचाहत्तराव्या वर्षीं शेहेचाळीस व पंचाऐंशीव्या वर्षीं दीडशें मृत्युमुखीं पडत. दर दहा वर्षांनीं धोका तिपटीहून अधिक होत गेला. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो आणखी वाढतो. लस घेतल्यानें गंभीर आजाराचा संभव पुष्कळच घटला. परंतु लसीचा गुण येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात, आणि लस घेतलेल्यासही लागण होऊं शकते. एकाच घरांतील, एकाच विमानानें जाणाऱ्या पतिपत्नींचा धोकाही यामुळें सारखा नसतो.

चौथी रक्कम परक्या देशांत अडकून पडण्याची. भारतानें ता. २३ मार्च २०२० पासून परदेशचीं नियमित प्रवासी विमानें बंद केलीं, आणि अडकलेल्यांना परत आणणारी 'वंदे भारत' मोहीम ता. ७ मे रोजीं सुरू झाली. मधले सहा आठवडे पुष्कळांनीं परमुलखांत काढले. जवळची रक्तदाबाची वा मधुमेहाचीं औषधें त्या अवधींत संपलीं तर काय करावयाचें, तेथील रुग्णालयांत खाट मिळेल काय, आणि विम्याच्या करारांत साथीचे रोग व पूर्वींचे विकार धरले आहेत काय, या प्रश्नांचीं उत्तरें निघण्यापूर्वींच मिळवावींत. दोन महिन्यांचीं जास्त औषधें व डॉक्टरांची चिठ्ठी सामानांत असणें, ही या रकमेंतील सर्वांत स्वस्त बचत होय.

आतां तपासणीच्या दाखल्याविषयीं. प्रवेशाचे नियम देशाच्या रक्षणासाठीं केलेले असतात, व त्यांची आवश्यकता इतिहासानें पटविलेली आहे. ता. ७ नोव्हेंबर १९१८ रोजीं ऑकलंडहून आलेल्या 'टॅल्यून' बोटीवर इन्फ्लुएंझाचे रोगी असतांही तिला पश्चिम सामोआच्या आपिया बंदरांत उतारू उतरविण्याची मोकळीक मिळाली, आणि थोड्याच आठवड्यांत तेथील सुमारें एक पंचमांश वस्ती नाहींशी झाली. शेजारच्या अमेरिकन सामोआनें येणाऱ्या बोटींना क्वारंटाइन लावलें. तेथें त्या साथीनें एकही मृत्यु झाला नाहीं. परंतु देशाचें रक्षण करणारा नियम प्रवाशाचेंही रक्षण करतो, असें समजूं नये. दाखला त्या एका दिवसाची स्थिति सांगतो. कोविडच्या प्रारंभीच्या प्रकारांत लक्षणें सरासरीनें पांचव्या-सहाव्या दिवशीं व क्वचित् चौदाव्या दिवशीं दिसत, आणि लक्षणें दिसण्याच्या एक-दोन दिवस आधींपासूनच रोग दुसऱ्यास लागे. काल लागण झालेल्या मनुष्याची आजची तपासणी निर्दोष येते, त्याच्या कपाळाला ताप लागत नाहीं, आणि तो दाखला घेऊन विमानांत चढतो.

शेवटची रक्कम बहुतेकांच्या हिशेबांतून सुटते, कारण ती प्रवाशाला भरावी लागत नाहीं. जून १९१८ मध्यें मुंबईंत इन्फ्लुएंझा आला तेव्हां प्रथम आजारी पडलेल्यांत पोलीस शिपाई होते, व त्यांतील एक गोदीवर कामाला होता. त्या शिपायांनीं समुद्र ओलांडलेला नव्हता. पुढें त्या साथीनें भारतांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. एकशें दोन वर्षांनीं, ता. ९ मार्च २०२० रोजीं, महाराष्ट्रांतील कोविडचे पहिले दोन रोगी पुण्यास आढळले. ते दुबईची सफर करून आठवड्यापूर्वीं परतले होते. दुसऱ्या दिवशीं ज्यांना लागण झाल्याचें कळलें, त्यांत त्यांना मुंबईहून पुण्यास आणणारा टॅक्सीचालक होता. प्रवाशांचा यांत कांहीं दोष नव्हता. त्यांना आजार अंगांत असल्याचें ठाऊकही नव्हतें. पण जाण्याचा निर्णय त्यांचा होता, आणि टॅक्सीचालकाला तो कोणी विचारलेला नव्हता. घरांतील म्हातारी आजी, कामाला येणारी बाई, शेजारचें मूल यांचीही गोष्ट अशीच आहे.

या सर्व रकमा मांडून झाल्यावर त्यांच्यासमोर प्रवासाची निकड ठेवावी. सहल पुढच्या वर्षीं करतां येते. मुलीचें बाळंतपण किंवा मरणासन्न पित्याची भेट पुढें ढकलतां येत नाहीं. आरंभीं सांगितलेल्या घरांतील वडिलांचें वय बाहत्तर असून त्यांना हृदयविकार असेल, तर त्यांनीं घरीं राहावें. आई निरोगी असेल, तर तिनें लस घेऊन दोन आठवड्यांनीं थेट विमानानें निघावें, वाटेंत घट्ट बसणारा मास्क वापरावा, आणि मुलीच्या घरीं पोहोंचल्यावर कांहीं दिवस वेगळ्या खोलींत काढावे. मग तपासणी करून बाळंतिणीजवळ जावें. इतक्या दुरून आलेल्या आईला दारापलीकडून नातवाचें रडणें ऐकत बसणें सोपें नाहीं, आणि मुलीलाही तें पाहवणार नाहीं. परंतु ज्या तान्ह्या जिवासाठीं एवढा प्रवास केला, त्याच्याच उशाशीं रोग नेऊन ठेवण्याचा संभव या थोड्या दिवसांच्या दुराव्यानें पुष्कळ कमी होतो. एवढी तजवीज होण्यासारखी असेल तर आईनें अवश्य जावें. नसेल तर साथ ओसरेपर्यंत पत्रावर व दूरध्वनीवर समाधान मानावें.