सीडी प्लेअरची ‘सुधारणा’ : एक पडताळा

आमच्या कोटरा सुल्तानाबादेत काही मराठी घरांतून सीडी प्लेअर अजून टिकून आहेत. शेजारच्या एका निवृत्त काकांनी आपला प्लेअर मध्यंतरी एका कारागिराकडून ‘सुधारून’ आणला. आत नवे कपॅसिटर बसले, आवाजाची चिप बदलली, पेटीखाली रबरी पाय आले आणि मागे जाडजूड वायर आली. रक्कम थोडी नव्हती. “सर, कुमारांचा तंबोरा कसा खुललाय, ऐका तरी!” म्हणून त्यांनी आम्हांस मोठ्या हौसेने बोलाविले.

काकांची समजूत अगदीच निराधार नव्हे. आमच्या कोंकणी आजोळी चावीचा ग्रामोफोन होता. त्यात सुई तबकडीच्या खाचेस प्रत्यक्ष घासते. म्हणून पोलादी सुई एक बाजू वाजली की बदलावी, असा दंडक असे. बांबूची सुई लावली की तेच गाणे मवाळ होई. सुई बदलली की आवाज बदलतो, हे ज्या पिढीने कानांनी अनुभवले, तिने नव्या यंत्राविषयीही तोच तर्क करावा, यात नवल नाही.

परंतु १९८२ साली विक्रीस आलेल्या सीडीची जात निराळी. तिला काहीच शिवत नाही. लेसरचा किरण तिच्यावरील सूक्ष्म खळगे वाचतो. त्यांतून डाव्या व उजव्या आवाजासाठी दर सेकंदास प्रत्येकी ४४,१०० आकडे मिळतात. ओरखड्यामुळे काही हरवले, तर सोबत नोंदलेल्या जादा आकड्यांवरून ते गणिताने भरून काढले जातात. पुढे हे आकडे क्षणभर साठवून घड्याळाच्या ठोक्याने बाहेर सोडले जातात. गच्चीवरील टाकीत पाणी धडधडत पडो की संथ, खालच्या तोटीची धार सारखीच राहते, तसे हे आहे. मग रबरी पायांनी काय साधणार?

आकड्यांची विजेची लहर झाल्यानंतर मात्र सुट्या भागांस महत्त्व येते. कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतात आणि यंत्र गुणगुणू लागते. ते बदलणे अवश्य. पण ती दुरुस्ती झाली. धडधाकट यंत्र त्याने अधिक गोड होते काय?

आम्ही पडताळा घेण्याचे ठरविले. त्याच बनावटीचा, कोणी न उघडलेला, चांगल्या स्थितीतील प्लेअर दुसऱ्या घरी मिळाला. काकांच्या यंत्राचा आवाज किंचित मोठा होता. शाळेच्या प्रयोगशाळेतील मीटरने मोजून आम्ही दोन्ही सारखे केले. विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण थोडासा मोठा आवाज कानाला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो. नववीतील एक विद्यार्थी पडद्याआड नाणे उडवून यंत्र निवडी, आणि काका नाव सांगत. १६ वेळांपैकी ९ उत्तरे बरोबर आली. केवळ अंदाजाने सांगितले तरी सरासरी ८ येतात.

एका माणसाच्या १६ उत्तरांवरून निकाल देऊ नये, हे आम्हांस मान्य आहे. पण अमेरिकेत मेयर व मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मोठा होता. सीडीहून सूक्ष्म ध्वनिमुद्रण असलेल्या तबकड्यांचा आवाज सरळ ऐकविला आणि सीडीच्या दर्जावर उतरवूनही ऐकविला. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे २७६!

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे पहिल्या दिवशी मला फरक वाटला, तो खोटाच का?” तसे नव्हते. त्यांचा प्लेअर पूर्वी गुणगुणत असे, हे काकूंनाही आठवत होते. कपॅसिटर बदलताच ते थांबले, आणि त्या शांततेत तंबोरा स्वच्छ उमटला. कारागिराने काम केले एक, पैसे घेतले चार कामांचे.

जाण्यापूर्वी आम्ही कपाटावर कोपऱ्यात चढविलेले स्पीकर खाली उतरवून भिंतीपासून हातभर पुढे मांडले. खर्च शून्य. पुन्हा तीच सीडी लागली, तोच स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “अहो, आता आणखी काय बदललंत?”