स्थौल्य, पॉलिफेनॉल व भोजनपूर्व जलपान

स्थौल्याचे अनेक रुग्ण वैद्यास न विचारता ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल घेतात. चहातील कॅटेचिन व हरीतकी-आमलकीतील टॅनिन ही पॉलिफेनॉल वर्गातील, कषाय रसाची द्रव्ये होत. कषाय रस क्लेद व मेदाचे विशोषण करतो, असे वाग्भट सांगतात. तथापि २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार ग्रीन टीमुळे होणारी वजनघट अत्यल्प आहे. शिवाय पूरक अर्कातून दररोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृतातील एन्झाइम वाढू शकतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला. फांट आणि घन अर्क यांत मात्रेचा हा भेद आहे.

जलपानाविषयी अष्टांगहृदय, सूत्रस्थान, अध्याय ५ मध्ये भोजनापूर्वी घेतलेले जल कृशता, मध्ये घेतलेले समता व अंती घेतलेले स्थूलता आणते, असे म्हटले आहे. अमेरिकेतील २०१० च्या एका लहान चाचणीत अल्प-उष्मांक आहारासोबत प्रत्येक भोजनापूर्वी ५०० मिलिलिटर पाणी घेणाऱ्या मध्यमवयीन व वृद्धांचे वजन १२ आठवड्यांत सुमारे २ किलो अधिक घटले.

हृदय-वृक्कविकारात मात्र जलमात्रा विचारपूर्वकच ठरवावी. औषधविक्रेत्यांनीही कॅप्सूल देण्यापूर्वी यकृतविकाराची चौकशी अवश्य करावी.