काट्यावरील आकडा आणि शरीराचा हिशेब

वजन घटणे म्हणजेच मेद घटणे, असा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. पनवेल तालुक्यातील नेरे येथे, कुष्ठपीडितांच्या सेवेसाठी उभ्या राहिलेल्या शांतिवनात, निसर्गोपचाराचेही केंद्र चालते. मिताहार, व्यायाम आणि नियमितपणा हा तेथील उपचाराचा पाया. तेथून फार दूर नसलेल्या नवी मुंबई-मुंबईच्या रुग्णालयांत जठराचा मोठा भाग कापून लठ्ठपणावर उपाय केला जातो. दोन्ही मार्ग परस्परांहून अगदी भिन्न आहेत. परंतु सामान्य माणूस दोहोंचे यश मोजतो ते एकाच साधनाने, वजनकाट्याने. हा काटा खोटे बोलत नाही. मात्र तो अर्धेच सत्य सांगतो.

त्याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्यातूनच पुढे आला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3 होता, परंतु शरीरातील मेद याज्ञिकांचा 21.2 टक्के, तर युडकिन यांचा अवघा 9.1 टक्के भरला. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातही हेच दिसले होते. इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत ती वजनाने हलकी होती. त्यांचे स्नायू कमी भरले, मेद मात्र त्या मानाने टिकून होता. स्नायूंची ही पुंजी आपल्याकडे मुळातच तुटपुंजी आहे. म्हणूनच वजन घटविताना नेमके काय घटते, हा प्रश्न आपल्यासाठी अधिक निकडीचा ठरतो.

शस्त्रक्रियेचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. जठराची नळी करण्याच्या पद्धतीत त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढला जातो. दुसऱ्या पद्धतीत अन्नाची वाट वळवून लहान आतड्याचा आरंभीचा भाग टाळला जातो. यामुळे केवळ जागा कमी होते असे नव्हे, तर भूक व तृप्ती यांचे संदेश देणारी संप्रेरकेही बदलतात. वाट वळविलेल्या अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, खाली येते. यकृतावरील आणि पोटातील घातक मेद ओसरतो, ही मोठीच कमाई होय.

परंतु या कमाईला खर्चाची बाजूही आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात उतरलेल्या वजनापैकी सुमारे पाचवा हिस्सा मेदाचा नसतो. त्यात स्नायूही असतात, आणि ही घट मुख्यतः पहिल्या काही महिन्यांतच होते. विश्रांतीच्या अवस्थेतही शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा मोठा आधार हे मेदेतर वजन असते. ते घटले की रोजचा खर्चही घटतो. शिवाय उपासमारीची चाहूल लागलेले शरीर काटकसरी बनते. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत आहार व व्यायामाने प्रचंड वजन घटविलेल्या स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 उष्मांकांनी कमी आढळला, आणि बरेचसे वजनही परतले होते. शस्त्रक्रियेत संप्रेरकांचे साह्य असल्याने पुढची वाट तुलनेने सुकर होते. तथापि काही वर्षांनी वजन थोडेफार परतण्याचा अनुभव तेथेही येतो. परतणारे वजन मेदाचे आणि गेलेले स्नायूंचे असेल, तर काट्यावर सौदा बरोबरीचा दिसतो, शरीराच्या हिशेबात मात्र तूटच राहते.

तेव्हा शस्त्रक्रिया हा उपचाराचा शेवट नसून आरंभ आहे, हे रुग्णालयांनी प्रारंभीच बजावले पाहिजे. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने घेण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, हे लक्षात घेतले म्हणजे लहानशा जठराला हे काम किती अवघड आहे ते कळते. भाताच्या ढिगावर आमटीची धार, ही आपली जेवणाची रीत येथे उपयोगी नाही. वाल, मटकी, अंडी, मासळी, दही यांना ताटात पहिला मान मिळाला पाहिजे. बी-12, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची देखरेख आयुष्यभर हवी. केवळ चालणे पुरेसे नाही. स्नायूंना ओझे पेलण्याचा व्यायामही हवा. मुठीची पकड किंवा हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्याची क्षमता तपासण्यास महागडे यंत्र लागत नाही. ही नोंद तालुक्याच्या दवाखान्यातही ठेवता येईल.

आज शस्त्रक्रिया शहरात होते आणि रुग्ण गावी परततो. या दोहोंमधील वर्षे कोणाच्याच नोंदवहीत नसतात. मिताहार आणि व्यायाम यांची जी शिस्त नेऱ्यासारख्या ठिकाणी उपचार म्हणून दिली जाते, तीच शस्त्रक्रियेनंतरही अपरिहार्य ठरते. त्या शिस्तीस तज्ज्ञांच्या देखरेखीची जोड देण्याची जबाबदारी वैद्यकव्यवसायाने उचलली, तरच किती किलो गेले या प्रश्नाबरोबर काय गेले आणि काय उरले, याचेही उत्तर रुग्णाला मिळेल.