टेनिसपटूचा मंत्र: स्वतःशी नेमकं काय बोलावं?

आजचा विषय टेनिसचा आहे. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हा खेळ कुठून आला, असं काही जणांना वाटेल. पण विषय तसा आपलाच आहे. माणूस जे वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा बोलतो, त्याचा त्याच्या कृतीवर काय परिणाम होतो? जप, संकल्प, मंत्र या शब्दांच्या निमित्ताने आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. टेनिसच्या कोर्टावर तो उघडा पडतो एवढंच.

टेनिसच का? पहिलं कारण, एकेरीचा खेळाडू एकटा असतो. क्रिकेटमध्ये समोरचा फलंदाज येऊन दोन शब्द बोलून जातो. टेनिसमध्ये कित्येक वर्षं प्रशिक्षकालासुद्धा सामना चालू असताना बोलायची बंदी होती. अलीकडे नियम सैल झाला, तरी सर्व्हिस करायला बेसलाइनवर उभं राहिलं की शेजारी कोणी नसतं. दुसरं कारण म्हणजे रिकामा वेळ. दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद. दोन-तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ त्या मानाने थोडाच. उरलेल्या वेळात खेळाडू टॉवेलने तोंड पुसतो, रॅकेटच्या तारा सरळ करतो आणि मनातल्या मनात बोलत राहतो. काय बोलतो, याला महत्त्व आहे.

आता एक हिशेब बघा. रॉजर फेडररने जून २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात तो सांगितला. कारकिर्दीत त्याने एकेरीचे १५२६ सामने खेळले आणि त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकले. पॉइंट किती जिंकले? फक्त ५४ टक्के. म्हणजे इतका मोठा खेळाडू, पण शंभरातले ४६ पॉइंट त्याने गमावले. तेव्हा मानसिक कणखरपणा म्हणजे न हरणं नव्हे. नुकताच पॉइंट गेलेला असताना पुढच्या पॉइंटला ताज्या मनाने उभं राहता येणं, याला कणखरपणा म्हणायचं. आणि ही वेळ सामन्यात पन्नास-शंभर वेळा येते.

इथे आपण दोन वाक्यं शेजारी ठेवू. एक, 'मी चॅम्पियन आहे.' दुसरं, 'चेंडू बघ.' पहिल्या प्रकारच्या वाक्यांना सकारात्मक विधानं म्हणतात. आरशावर चिकटवतात, सकाळी उठून दहा वेळा म्हणतात. दुसरं वाक्य अगदीच साधं, त्यात प्रेरणा वगैरे काही दिसत नाही. पण तर्काच्या दृष्टीने दोहोंत मोठा फरक आहे. पहिलं विधान आहे, म्हणून ते खरं किंवा खोटं ठरू शकतं. दुसरी आज्ञा आहे. आज्ञा खरी-खोटी नसते. ती पाळली जाते किंवा पाळली जात नाही.

या फरकाने काय बिघडतं? समजा, बारा वर्षांची एक मुलगी रोज 'मी नंबर वन आहे' म्हणते आणि पहिल्याच फेरीत ६-१, ६-१ अशी हरते. आता तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर ते वाक्य खोटं होतं, किंवा आपल्यातच काहीतरी कमी आहे. लहान मूल बहुधा दुसरी वाट धरतं. आधार म्हणून दिलेलं वाक्यच तिच्याविरुद्ध साक्षीला उभं राहतं.

ही नुसती आमची शंका नाही. २००९ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं. ज्यांचा स्वतःवर मुळात विश्वास होता, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचा नव्हता, त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. म्हणजे ज्याला औषधाची गरज, त्यालाच ते बाधलं. कारण उघड आहे. मन प्रत्येक वेळी उलट उत्तर देतं, 'छे, कुठे आहेस तू तसा?'

मग मंत्राचं काय? यास्काने निरुक्तात मंत्र या शब्दाचा संबंध मननाशी जोडला. मंत्रांना अर्थच नसतो, असं म्हणणाऱ्या कौत्साचं मतही त्याने नोंदवून ठेवलं आणि खोडून काढलं. पण आजच्या विषयाला सगळ्यांत उपयोगी पडतात ते मीमांसक. त्यांनी वेदवाक्यांची वर्गवारी केली. 'हे कर' असं सांगतो तो विधी. स्तुती किंवा निंदा करून त्या विधीकडे मन वळवतो तो अर्थवाद. आणि मंत्राचं काम काय? तर अनुष्ठान चालू असताना, त्या अनुष्ठानात जे करायचं आहे त्याचं स्मरण करून देणं. यज्ञ करणारा गोंधळू नये, पुढची कृती त्याच्या मनात वेळेवर यावी, यासाठी मंत्र.

खेळाडूलाही नेमकं हेच हवं असतं. 'मी महान आहे' हा फार तर अर्थवाद. 'टॉस उंच', 'गुडघे वाकव', 'चेंडू बघ' हे मंत्र.

१९७४ मध्ये टिमथी गॅल्वे यांचं 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक आलं. त्यातली एक युक्ती प्रसिद्ध आहे. चेंडूचा टप्पा पडला की 'टप्पा' म्हणायचं, रॅकेटवर आला की 'फटका' म्हणायचं. बस, एवढंच. गॅल्वे म्हणतात, आपल्यात दोघं असतात. एक हुकूम सोडणारा, टीका करणारा, आणि दुसरा प्रत्यक्ष खेळणारा. टीका करणाऱ्याला या दोन शब्दांत गुंतवून ठेवलं की खेळणाऱ्याला मोकळेपणी खेळता येतं. नामस्मरण करणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

संशोधनही साधारण इकडेच बोट दाखवतं. २०११ मध्ये ग्रीक संशोधकांनी खेळाडूंच्या स्वसंवादावरच्या ३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. स्वसंवादाचा उपयोग होतो, हे दिसलं. नाजूक, अचूक हालचालींसाठी जोश आणणाऱ्या वाक्यांपेक्षा कृती सांगणारी वाक्यं जास्त उपयोगी, हेही दिसलं. त्याआधी १९९४ मध्ये जूडी व्हॅन राल्टे आणि सहकाऱ्यांनी २४ कनिष्ठ टेनिसपटूंचं सामन्यात निरीक्षण केलं होतं. स्वतःला दूषणं देणं आणि हरणं यांचा संबंध आढळला. पण स्वतःची पाठ थोपटणं आणि जिंकणं यांचा तसा संबंध आढळला नाही.

इथे कोणी विचारेल, 'मग भावनेला जागाच नाही का? नुसत्या सूचनाच द्यायच्या?' जागा आहे. पतंजलींनी योगसूत्रांत प्रतिपक्षभावना सांगितली आहे. घातक विचार मनात आला की त्याच्या विरुद्ध विचाराची भावना करायची. भावना करणं आणि दावा करणं यांत फरक आहे. १४ जुलै २०१९ चा विम्बल्डनचा अंतिम सामना आठवा. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची, म्हणजे त्याच्या हातात दोन चॅम्पियनशिप पॉइंट. जोकोविचने दोन्ही वाचवले आणि सेट १३-१२ असा जिंकला. संपूर्ण सामन्यात फेडररचे पॉइंट २१८, जोकोविचचे २०४. जिंकला मात्र जोकोविच. प्रेक्षक 'रॉजर, रॉजर' ओरडत होते. नंतर जोकोविचने सांगितलं की ते 'नोव्हाक, नोव्हाक' ओरडताहेत असं आपण मनाने ऐकत होतो. हा खोटेपणा नव्हे. लोक काय ओरडताहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने जाणूनबुजून प्रतिपक्षाची भावना केली.

स्टॅन वॉवरिंकाने तर डाव्या हातावर सॅम्युएल बेकेटच्या अपयशाबद्दलच्या ओळी गोंदवून घेतल्या आहेत. अपयश येणार नाही असं आश्वासन त्या ओळी देत नाहीत, पुन्हा प्रयत्नाला लागायला सांगतात. अशा वाक्याला पराभव खोटं पाडू शकत नाही.

आता व्यवहाराचं बोलू. मंत्र कसा करावा?

पहिली गोष्ट, दोन-तीन शब्दांचा असावा आणि ज्या भाषेत आपण चिडतो, रडतो, त्या भाषेत असावा.

दुसरी, त्यात 'नको' नसावं. 'डबल फॉल्ट नको' म्हटलं की डोळ्यांपुढे डबल फॉल्टच येतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल काही त्यांच्या मनातून जाईना. त्याऐवजी 'टॉस उंच' म्हणावं.

तिसरी, त्याची जागा ठरलेली असावी. जिम लोअर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दोन पॉइंटमधल्या वेळेचे चार टप्पे सांगितले. आधी शरीराची ठेवण सावरायची, मान वर. मग श्वास सोडून सैल व्हायचं. मग पुढच्या पॉइंटचा विचार. शेवटी चेंडू टपटपवण्यासारखा ठरलेला विधी. मंत्र या शेवटच्या दोन टप्प्यांत बसवावा. पॉइंट गेल्याचा राग पहिल्या दोन टप्प्यांत ओसरू द्यावा.

चौथी, सरावात रोज म्हणावा. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा आठवलेला मंत्र टायब्रेकमध्ये साथ देत नाही. जपाला आवृत्ती लागते ती याचसाठी.

आणि मर्यादाही सांगायला हवी. कच्चा बॅकहँड मंत्राने पक्का होत नाही. येतं ते दडपणाखाली विसरू नये, इतकंच मंत्राचं काम.

विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर खेळाडू ज्या दारातून जातात, तिथे वर किप्लिंगच्या दोन ओळी लिहिलेल्या आहेत. किप्लिंगचा जन्म १८६५ चा, आपल्या मुंबईतला. त्या ओळींचा रोख असा की जय आणि पराजय दोघेही बहुरूपी, दोघांशी सारखंच वागावं. तिथेही 'तू जिंकशील' असं लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या.

तेव्हा मुलांना खेळायला पाठवणाऱ्या पालकांना एक विनंती. घरी भिंतीवर 'मी नंबर वन' असं लावलेलं असेल, तर मुलाला शेजारी बसवून विचारा, 'पॉइंट गेल्यावर तुला पहिल्यांदा काय करायचं असतं?' तो जे सांगेल, ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि तो कागद तिथे लावा. महिनाभर तेवढं एकच वाक्य वापरून बघू द्या. काय अनुभव आला, ते आम्हाला पुढच्या वेळी जरूर सांगा.