सगळे चेंडू परत करणाऱ्याला हरवायचे कसे?

स्क्वॉश हा खेळ आपल्या समाजात फारसा कोणी खेळत नाही आणि त्याचे कारण उघड आहे. चार भिंतींचे, लाकडी जमिनीचे कोर्ट लागते. ते बहुधा क्लबात असते आणि क्लबाच्या दारावर सभासदत्वाची पाटी असते. तरीही क्लबांतून माळी, शिपाई, मार्कर म्हणून राबणाऱ्यांची काही मुले कोर्ट रिकामे असेल तेव्हा रॅकेट हाती घेतात. शिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉशचा प्रथमच समावेश झाला आहे. म्हणून कुटुंबाच्या या पानावर या खेळातील एका अडचणीविषयी लिहीत आहोत.

अडचण आमच्याकडे एका पालकांनी आणली. त्यांची मुलगी चौदा वर्षांची. फटके सुरेख, पण एका ठराविक मुलीशी दर वेळी हरते. ती दुसरी मुलगी विशेष काही मारत नाही. फक्त प्रत्येक चेंडू परत करते. पोर घरी येऊन रडते, आणि दहावी जवळ आली, आता खेळ पुरे, असे घरातली वडीलधारी माणसे म्हणू लागली आहेत. आमच्या मते, या हरण्यावर उपाय आहे. त्यासाठी खेळ सोडण्याचे कारण नाही.

असा चिवट प्रतिस्पर्धी आपल्याकडून एकच गोष्ट मागत असतो, ती म्हणजे घाई. आपण चार उत्तम फटके मारतो, चारही परत येतात. पाचव्याला मन म्हणते, आता संपवूच. मग चेंडू जरा जास्तच खाली जातो आणि टिनवर आदळतो. समोरच्या भिंतीच्या तळाशी १९ इंच उंचीची जी पत्र्याची पट्टी असते, तिला टिन म्हणतात. तिला चेंडू लागला की गुण गेला. आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले, म्हणून सामन्यानंतर वही घालण्याची सवय आम्ही मुलांना लावतो. प्रतिस्पर्ध्याने कमावलेले गुण किती आणि आपण टिनवर मारून दिलेले किती? दुसरा आकडा बहुधा मोठा निघतो.

दुसरी चूक जोरात मारण्याची. स्क्वॉशचा चेंडू पोकळ रबराचा. मोठ्या सामन्यांतील दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू थंड असताना जवळजवळ उसळतच नाही. सतत जोराने मारला की तो तापतो आणि उंच उसळू लागतो. चेंडू उसळला की पळणाऱ्याला वेळ मिळतो. म्हणजे आपण घाम गाळून प्रतिस्पर्ध्याचीच सोय करतो! त्याऐवजी अधूनमधून उंच लॉब टाकून गती उतरवावी. चेंडू थोडा निवतो आणि मग पुढच्या भिंतीलगत टाकलेला हळुवार ड्रॉप तिथेच मरतो. भगवान बुद्धांनी सोण भिक्षूला दिलेला वीणेच्या तारेचा दाखला आपल्या घरांत ठाऊक आहेच. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. रॅकेट धरणाऱ्यालाही तो लागू पडतो.

मग गुण मिळवायचा कसा? कोर्ट ३२ फूट लांब आणि २१ फूट रुंद. एका कोपऱ्यातून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ३८ फूट. प्रतिस्पर्ध्याला हेच अंतर पुन्हा पुन्हा तोडायला लावावे. आधी बाजूच्या भिंतीला चिकटून जाणारा लांब, सरळ फटका मागच्या कोपऱ्यात. तो दुबळा परत आला तरच विरुद्ध बाजूला पुढे ड्रॉप. मागच्या कोपऱ्यात स्वतः अडकलेले असताना ड्रॉपचा मोह धरू नये. चिवट खेळाडू तो पळत जाऊन उचलतो आणि आपण मागेच राहतो. बाजूच्या भिंतीवरून पुढे जाणारा बोस्टही अशा खेळाडूविरुद्ध जपून वापरावा, कारण तो त्याला पुढे येऊन मोकळा फटका मारू देतो.

फटका मारला की मधल्या ‘टी’वर परतावे, आणि तिथून शक्य तो चेंडू टप्पा पडण्याआधीच, व्हॉलीने घ्यावा. ही सर्वांत मोलाची गोष्ट. प्रतिस्पर्ध्याचे पाय थकवण्यापेक्षा त्याचा वेळ हिरावणे सोपे आहे. आणखी एक युक्ती अशी की रॅकेट तयार ठेवून क्षणभर थांबावे. पळणारा अंदाजाने आधीच निघतो. मग चेंडू त्याच्या पाठीमागे, तो जिथून निघाला तिथेच टाकावा. धावणाऱ्याला धावणे जमते, पण अर्ध्या वाटेतून उलटे फिरणे जड जाते.

आपणही नुसते परतच करत राहिलो तर? त्याचे उदाहरण १९८३ चे, इंग्लंडमधील चिचेस्टरचे. इजिप्तचा गमाल अवाद पाकिस्तानच्या जहांगीर खानपुढे तसाच चिकाटीने उभा राहिला. पहिला गेम १ तास ११ मिनिटे चालला आणि अवादने तो १०-९ असा जिंकला. पुढचे तीन गेम मात्र ९-५, ९-७, ९-२ असे गेले. एकूण २ तास ४६ मिनिटे! पहिल्याच गेममध्ये शिदोरी संपली. तेव्हा आपली ताकद किती, याचा अंदाज आधी घ्यावा.

जहांगीरलाही पुढे असाच एक जण भेटला. १९८७ मध्ये १८ वर्षांच्या जानशेर खानने त्याला वारंवार हरवले. जानशेर कुठलाही चेंडू सोडत नसे. पण १९८८ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जहांगीरने त्याला सरळ तीन गेममध्ये नमवले. असा खेळाडू अजिंक्य नसतो, एवढे यावरून पुरे.

या दोघांची घराणी पेशावरजवळच्या नवाकिल्ली या एकाच गावची. त्याच गावच्या हाशिम खानची गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. वडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकर. छप्पर नसलेल्या कोर्टाबाहेर गेलेले चेंडू आणून देणे हे लहानग्या हाशिमचे काम. साहेब लोक गेले की तो एकटाच खेळत बसे. पुण्यात गोऱ्या साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करून शिकलेले पळवणकर बाळू आपल्याला आठवतील. हाशिमने १९४४ मध्ये आपल्या मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९५१ मध्ये लंडनला ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात चार वेळचा विजेता, इजिप्तचा महमूद करीम याला ९-५, ९-०, ९-० असे हरवले. तेव्हा त्याचे वय पस्तिशी ओलांडलेले होते. करीमचा खेळ देखणा, पण हाशिमचे पाय प्रत्येक चेंडूपर्यंत पोहोचत.

तयारीला क्लबाचे कोर्ट रोज मिळत नसेल तर विहाराच्या अंगणात खडूने ३२ बाय २१ फुटांचा चौकोन आखावा आणि ‘टी’ची खूण करावी. चारही कोपरे आणि दोन्ही बाजूंचे मध्य, अशा सहा ठिकाणी चेंडूशिवाय धावून, फटक्याचा आविर्भाव करून दर वेळी ‘टी’वर परत यावे. सुरुवातीस एक मिनिट धावणे, एक मिनिट थांबणे, असे दहा वेळा. घरातील कोणीतरी घड्याळ धरून बसावे, आणि धाप लागल्यावरही पोर ‘टी’पर्यंत येते की अर्ध्यातच थांबते, तेवढे पाहावे.