शिक्का रोखणारे मंडळ

फेब्रुवारी २०१९. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याची राजधानी रॅली. चार दिवस चाललेल्या सुनावणीच्या अखेरीस मार्क हॅरिस साक्षीला उभे राहिले. संसदेच्या नवव्या मतदारसंघात ते ९०५ मतांनी पुढे होते, पण त्यांना विजयाचे प्रमाणपत्र मिळाले नव्हते. आदल्या दिवशी त्यांच्याच वकील मुलाने शपथेवर सांगितले होते, की टपाली मतांचे काम पाहणाऱ्या एका कार्यकर्त्यापासून दूर राहा, असे मी वडिलांना बजावले होते. ते ऐकताना हॅरिस यांना रडू आवरले नव्हते. आता त्यांनी स्वतःच फेरनिवडणूक मागितली. त्याच दिवशी समोरच्या पाच जणांनी एकमताने तसा आदेश दिला.

हे पाच जण न्यायाधीश नव्हते. ते राज्य निवडणूक मंडळाचे सदस्य होते. एका पक्षाचे तीनहून अधिक सदस्य नसावेत, हा तिथला नियम. त्या वेळी तीन डेमोक्रॅट होते, दोन रिपब्लिकन. निवडणुका घेणे हे या मंडळाचे रोजचे काम. पण तक्रार आली की त्याचे तपासनीस चौकशी करतात, मंडळ साक्षीदारांना हजर करवते, कागदपत्रे मागवते. खटला भरणे मात्र त्याच्या हाती नाही. ते काम सरकारी वकिलांचे.

२०१८ च्या नोव्हेंबरात संशयाची सुई वळली ती ब्लेडन काउंटीकडे. तिथे टपालाने मत देणाऱ्यांत नोंदणीकृत रिपब्लिकन जेमतेम १९ टक्के होते, तरी रिपब्लिकन हॅरिस यांना टपाली मतांपैकी ६१ टक्के मते पडली. टपाली पाकिटावर तेव्हा दोन साक्षीदारांच्या सह्या लागत. पाकिटे तपासताना त्याच त्या साक्षीदारांची नावे पुन्हा पुन्हा दिसू लागली. मतदार किंवा त्याचा जवळचा नातलग सोडून कुणीही मतपत्रिका ताब्यात घेणे हा तिथे गुन्हा आहे. सुनावणीत उघड झाले, की त्या कार्यकर्त्याकडून पैसे घेऊन काम करणारी माणसे दारोदार जाऊन पाकिटे गोळा करत, काही मतपत्रिकांतल्या रिकाम्या जागा स्वतः भरत आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून थोडी थोडी करून ती टपालात टाकत.

२७ नोव्हेंबरला मंडळाने निकालावर शिक्का मारायला नकार दिला. त्यानंतर मंडळावरच गंडांतर आले. त्याची तेव्हाची नऊ जणांची रचना न्यायालयाने आधीच घटनाबाह्य ठरवली होती. २८ डिसेंबरला ते विसर्जित झाले. ३१ जानेवारीला नवे सदस्य नेमले जाईपर्यंत मंडळावर कुणीच नव्हते, पण कर्मचाऱ्यांनी तपास सोडला नाही. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

मंडळाचे खरे बळ कायद्याच्या एका तरतुदीत आहे. नेमकी किती मते खोटी पडली आणि त्यांनी निकाल फिरला का, हे प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागत नाही. गैरप्रकारांनी सगळी निवडणूकच डागाळली आणि तिच्या निष्पक्षतेवर शंका आली, असे पाचांपैकी किमान चौघांना पटले, तर फेरनिवडणूक घेता येते. चौघांची अट असल्यामुळे एकट्या सत्ताधारी पक्षाला हे हत्यार उपसता येत नाही.

आपल्याकडे निकाल जाहीर झाला की निवडणूक आयोगाचे हात बांधले जातात. पुढचा मार्ग एकच: ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १९९५ मध्ये. नॉर्थ कॅरोलायनात मतदानापासून फेरनिवडणुकीच्या आदेशापर्यंत चार महिनेही लागले नाहीत.

पण असे मंडळ नेमणार कोण, हा प्रश्न तिथे अजून धगधगतो आहे. तेव्हा नेमणुका गव्हर्नर करत. २०२४ च्या अखेरीस विधिमंडळाने तो अधिकार राज्याच्या लेखापरीक्षकाकडे दिला आणि मे २०२५ मध्ये नवे मंडळ आले. तपास करणाऱ्याच्या खुर्चीची दोरी कुणाच्या हाती आहे, यावर तपासाची पत ठरते.

फेरनिवडणूक १० सप्टेंबर २०१९ ला झाली. हॅरिस उभे राहिले नाहीत. डॅन बिशप थोड्या फरकाने जिंकले, तेही रिपब्लिकनच. जागा त्याच पक्षाकडे राहिली, म्हणूनच मंडळाचा निर्णय मला अधिक मोठा वाटतो. त्याने कुणाला जिंकवले नाही. ज्यांची पाकिटे दारातून परक्या हातांनी नेली होती, त्यांना आपले मत पुन्हा स्वतः देता आले.