बोलणी हेलसिंकीची, प्रश्न आचेचा

फिनलंडचे मार्टी आहतिसारी मूळचे शाळामास्तर. 1960 साली ते कराचीत व्यायामशिक्षक घडवण्याच्या कामावर गेले. 1965 मध्ये देशाच्या परराष्ट्र खात्यात शिरले आणि पुढे टांझानियात राजदूत झाले. संयुक्त राष्ट्रसंघात नामिबियाचा प्रश्न त्यांच्याकडे आला तो या आफ्रिकेच्या ओळखीमुळेच.

राजनैतिक अधिकारी म्हटलं की हस्तांदोलनाचे फोटो आठवतात. प्रत्यक्षात नोकरीचा बराच भाग वाट बघण्यात जातो. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाला स्वातंत्र्य देण्याची योजना सुरक्षा परिषदेने 1978 मध्ये मंजूर केली. तिची अंमलबजावणी सुरू व्हायला 1989 चा एप्रिल उजाडला. आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वापो संघटनेचे सशस्त्र सैनिक अंगोलातून सीमेच्या आत आले. राष्ट्रसंघाचं शांतिसैन्य तेव्हा जेमतेम पोहोचत होतं. त्याचे प्रमुख होते भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद. दक्षिण आफ्रिकेच्या तुकड्यांना बराकीबाहेर पडायला अखेर आहतिसारींना संमती द्यावी लागली आणि स्वापोचे शेकडो लोक मारले गेले. या निर्णयाबद्दल आहतिसारींवर सडकून टीका झाली, ती अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र योजना मोडली नाही. नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि 21 मार्च 1990 रोजी नामिबिया स्वतंत्र झाला.

फिनलंडचं राष्ट्राध्यक्षपद भूषवून झाल्यावर 2005 मध्ये त्यांच्यापुढे आला इंडोनेशियाचा आचे प्रांत. तिथल्या बंडखोरांची, म्हणजे ‘गाम’ची, लढाई 1976 पासून चालली होती. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने किनारा धुऊन नेला आणि दोन्ही बाजू बोलायला तयार झाल्या. हेलसिंकीजवळच्या एका जुन्या वाड्यात बैठका सुरू झाल्या. आहतिसारींनी सुरुवातीलाच बजावलं: स्वातंत्र्याचा विषय निघणार नाही, आणि सगळ्या मुद्द्यांवर एकमत होईपर्यंत कुठलाच मुद्दा मिटला असं धरायचं नाही. मध्यस्थाने इतकं कडक असावं का, असा प्रश्न पडू शकतो. पण ज्या मागणीवर आधीच्या वाटाघाटी फुटल्या, तीच पुन्हा चघळत बसण्यात काय हशील होतं?

पाच फेऱ्यांनंतर 15 ऑगस्ट 2005 रोजी सह्या झाल्या. करारातले आकडे वाचण्यासारखे आहेत. गामने 3,000 लढवय्ये घरी पाठवायचे आणि 840 शस्त्रं जमा करायची. सरकारने बाहेरून आणलेलं सैन्य हलवायचं आणि प्रांतात 14,700 च सैनिक ठेवायचे. दोन्ही कामं एकाच वेळी, चार टप्प्यांत, सप्टेंबर ते डिसेंबर. त्यामुळे ‘आधी तुम्ही’ हा वादच उरला नाही. युरोपीय संघाचे आणि आग्नेय आशियाई देशांचे निरीक्षक प्रत्येक बंदूक तपासत. कुचकामी निघाली तर ती मोजणीत धरत नसत. गामला शस्त्रांच्या बदल्यात माफी, कैद्यांची सुटका, प्रांतातल्या तेल-वायूसारख्या साधनसंपत्तीच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा आणि स्थानिक पक्ष काढण्याची मुभा मिळाली. 2006 च्या निवडणुकीत गामचे जुने कार्यकर्ते इरवांडी युसूफ गव्हर्नर झाले. त्सुनामी आली तेव्हा ते तुरुंगात होते.

आहतिसारींना 2008 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी सर्बियापासून वेगळं होऊ पाहणाऱ्या कोसोव्होसाठी देखरेखीखालच्या स्वातंत्र्याचा आराखडा दिला होता. सर्बियाने तो धुडकावला आणि रशियाच्या विरोधामुळे सुरक्षा परिषदेतही त्याला मंजुरी मिळाली नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये कोसोव्होने स्वतःच स्वातंत्र्य जाहीर केलं. राज्यघटना लिहिताना आधार मात्र त्याच आराखड्याचा घेतला.